पारानालची रात्रपाळी: ईएसओ वेधशाळेत शिरायचं कसं

भौतिकशास्त्रात बीएस्सी-एमएस्सी करणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न हमखास असतो. परदेशातल्या मोठ्या वेधशाळेत आपल्याला घेतात का? घेतात. पण शिक्षणाच्या कुठल्या टप्प्यावर कुठलं दार उघडं असतं हे ठाऊक नसल्यामुळे बरेच जण भलत्याच दाराशी थांबून राहतात. म्हणून इथे एकच वेधशाळा घेऊन वाट सांगतो. ती म्हणजे युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी, सगळे जिला ईएसओ म्हणतात.

आधी संस्था नीट समजून घ्या

ईएसओची स्थापना १९६२ची. आज युरोपातले १६ देश मिळून ती चालवतात. मुख्यालय जर्मनीत, म्युनिकच्या शेजारी गार्शिंगला. दुर्बिणी मात्र सगळ्या चिलीत, अटाकामाच्या वाळवंटात. हवा कोरडी, ढग क्वचित, जवळपास मोठं शहर नाही. शिवाय दक्षिणेचं आकाश. आकाशगंगेचं केंद्र तिथे डोक्यावर येतं आणि मॅगेलनचे मेघ, म्हणजे आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका, ज्या युरोपातून दिसतच नाहीत, त्या रात्रभर हाताशी असतात.

चिलीत तिची ठिकाणं तीन. ला सिया सगळ्यात जुनं, सुमारे २४०० मीटर उंचीवर. परग्रह शोधणारं हार्प्स हे वर्णपटमापक तिथल्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीला जोडलेलं आहे. पारानाल २६३५ मीटरवर. तिथे व्हीएलटी, म्हणजे ८.२ मीटर आरशाच्या चार दुर्बिणी: अंतू, कुएयेन, मेलिपाल आणि येपुन. चाखनांतोरचं पठार तर ५००० मीटरवर, तिथे आल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या ६६ अँटेना. आल्मा एकट्या ईएसओची नाही, त्यात अमेरिका आणि जपान यांच्या संस्था भागीदार आहेत. यजमान देश चिली. शिवाय पारानालपासून जवळच सेरो आर्मासोनेस नावाच्या डोंगरावर ३९ मीटर आरशाची ईएलटी उभी राहते आहे. तिचा मुख्य आरसा ७९८ षटकोनी तुकड्यांचा. आज एमएस्सीला असलेली मुलं पीएचडी करून बाहेर पडतील तेव्हा नोकऱ्यांच्या जाहिरातींत ईएलटीचं नाव वारंवार दिसेल, असा माझा अंदाज आहे.

भारत ईएसओचा सदस्य नाही. हे पहिल्याच दिवशी लक्षात घ्या, कारण प्रत्येक दाराशी त्याचा परिणाम वेगळा होतो. विद्यार्थी आणि फेलो (पीएचडीनंतर काही वर्षांसाठी घेतलेले संशोधक) या पातळीवर पासपोर्टची अडचण जवळजवळ येत नाही. स्टाफच्या जागांना सदस्य देशांच्या आणि चिलीच्या नागरिकांना प्राधान्य असतं, बाकीच्यांना मज्जाव नसतो. दुर्बिणीच्या वेळेसाठीचा नियम आणखी वेगळा आहे, तो पुढे येईल.

तिथे काम काय असतं

अर्ज करण्याआधी हे नीट कळायला हवं, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. व्हीएलटीवर कुणी दुर्बिणीला डोळा लावून बसत नाही. दुर्बिणींच्या चौथऱ्याच्या खालच्या अंगाला नियंत्रण इमारत आहे. तिथे एका मोठ्या खोलीत पडद्यांच्या रांगा आणि प्रत्येक दुर्बिणीचं वेगळं टेबल. टेबलाशी दोघं असतात, एक दुर्बीण आणि उपकरण चालवणारा ऑपरेटर आणि दुसरा रात्रपाळीचा खगोलशास्त्रज्ञ. दुर्बीण फिरवणं, मार्गदर्शक तारा पकडणं ही ऑपरेटरची कामं. पुढचं निरीक्षण कुठलं घ्यायचं आणि आलेला डेटा ठेवण्याजोगा आहे की परत घ्यायचा, हा निर्णय खगोलशास्त्रज्ञाचा.

आणि ती निरीक्षणं बहुतेक वेळा स्वतःची नसतात, जगभरातल्या इतरांची असतात. वेळ मिळालेला गट आपल्या सूचना 'ऑब्झर्व्हिंग ब्लॉक' नावाच्या साच्यात भरून पाठवतो. तिथल्या बोलण्यात तो नुसता 'ओबी'. एक ओबी साधारण तासाभराचा, आणि प्रत्येकाच्या अटी ठरलेल्या. सीइंग अमक्यापेक्षा कमी हवं, चंद्रप्रकाश इतकाच चालेल, पातळ ढग चालतील की नाही. सीइंग म्हणजे हवेच्या हलण्यामुळे ताऱ्याचा ठिपका किती फुगतो त्याचं माप, ते विकलांत (आर्कसेकंदांत) सांगतात.

समजा रात्रीचे दोन वाजलेत. ०.८ विकलांची अट असलेला एक ओबी निम्मा झालाय आणि बाहेरचं मापक यंत्र १.१ दाखवायला लागलंय. थांबायचं, की हा सोडून ढिल्या अटींचा दुसरा घ्यायचा? तेवढ्यात उत्तरेचा वारा सेकंदाला १२ मीटरच्या वर गेला, आता वाऱ्याच्या दिशेला दुर्बीण वळवता येणार नाही. १८ च्या वर गेला तर घुमटच बंद. त्यात एखाद्या गॅमा किरण स्फोटाची सूचना येऊन धडकली तर चालू काम बाजूला ठेवून काही मिनिटांत दुर्बीण तिकडे वळवावी लागते. असे निर्णय रात्रभर घ्यायचे आणि प्रत्येकाची नोंद लिहून ठेवायची, कारण सकाळी युरोपातल्या एखाद्या पीएचडीच्या मुलीला त्या नोंदीवरूनच कळणार असतं की आपला वर्णपट असा का आला.

दिवसपाळीचे खगोलशास्त्रज्ञही असतात. रात्रीच्या डेटाला लागणारी कॅलिब्रेशनं, म्हणजे उपकरणाच्या चुका काढून टाकायला लागणारी मोजमापं, घेणं आणि उपकरणांची तब्येत तपासणं हे त्यांचं काम. त्यात थरार काही नाही, पण डेटाची खरी समज तिथेच येते असं मला वाटतं.

राहायला वाळवंटात अर्धवट जमिनीखाली बांधलेलं रेसिडेन्सिया. आत बाग आणि पोहण्याचा तलाव, आणि अंधार पडला की खिडक्यांतून उजेड बाहेर जाऊ नये म्हणून सगळं झाकून घ्यायचं. सांतियागोहून विमानानं आंतोफागास्ता, तिथून दोनेक तास बस. आठवडाभराची पाळी संपली की परत सांतियागोला, स्वतःच्या संशोधनाकडे.

हे वाचून मजा वाटली तर चिलीचं दार तुमच्यासाठी आहे. रात्रभर जागायच्या कल्पनेनंच अंगावर काटा आला तर गार्शिंगचा विचार करा, त्यात कमीपणा काही नाही.

टप्प्यानुसार दारं

पीएचडीला अजून प्रवेश घेतला नसेल तर गार्शिंगचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम. सहा आठवडे, फेलो आणि विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनाखाली एक छोटा प्रकल्प. अर्ज जगभरातून येतात आणि जागा मोजक्या, त्यामुळे हे एकच दार धरून बसू नका.

पीएचडीच तिकडे करायची असेल तर म्युनिक परिसरातली माक्स प्लांक संशोधन शाळा बघा. खगोलभौतिकीच्या त्या शाळेत तिथलं विद्यापीठ, माक्स प्लांकच्या संस्था आणि ईएसओ एकत्र आहेत, त्यामुळे ईएसओच्या शास्त्रज्ञाकडे प्रबंध करता येतो. अर्जाचा हंगाम शरद ऋतूत असतो, म्हणजे आपल्याकडे दिवाळीच्या आसपास. एमएस्सीचा निकाल लागल्यावर जागं झालात तर वर्ष गेलं.

भारतात पीएचडी चालू असेल तर सगळ्यात दुर्लक्षित दार म्हणजे ईएसओची स्टुडंटशिप. तुम्ही आपल्या विद्यापीठाचेच विद्यार्थी राहता, पदवीही इथलीच. फक्त एक ते दोन वर्षं गार्शिंगला किंवा सांतियागोतल्या विताकुरा कार्यालयात, ईएसओच्या सहमार्गदर्शकाबरोबर काम करायचं. यासाठी तुमच्या गाईडची संमती आणि ईएसओतल्या एखाद्या शास्त्रज्ञाशी आधीच झालेलं बोलणं, दोन्ही लागतं. गाईडला शेवटच्या आठवड्यात विचारू नका. "सर, पुढच्या वर्षी असं काही करता येईल का?" हे वर्षभर आधी चहाच्या वेळेला कानावर घालून ठेवावं.

पीएचडीनंतर फेलोशिप, आणि हे सगळ्यात मोठं दार. गार्शिंगची फेलोशिप तीन वर्षांची. वेळेचा चौथा हिस्सा संस्थेच्या कामाला, बाकी सगळा संशोधनाला. चिलीची चार वर्षांची. पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी ८० दिवस-रात्रींची ड्यूटी, पारानालला किंवा आल्माला. चौथ्या वर्षी ड्यूटी नाही. ते वर्ष ईएसओत, सदस्य देशातल्या एखाद्या संस्थेत किंवा चिलीतल्या विद्यापीठात घालवता येतं. चिलीचं विद्यापीठ निवडलं तर चिलीच्या वाट्याच्या वेळेसाठी तिथल्या सगळ्या दुर्बिणींवर अर्ज करता येतो. या शेवटच्या पर्यायाचं मोल फार थोड्यांना कळतं. स्वतःचं संशोधन दुर्बिणींवर अवलंबून असेल तर मी तोच निवडायला सांगेन.

स्टाफ खगोलशास्त्रज्ञाच्या जागा पुढच्या. चिलीतल्या स्टाफच्या वर्षाला शंभराच्या आसपास रात्री डोंगरावर जातात. आणि खगोलशास्त्राबाहेरचीही कितीतरी माणसं तिथे लागतात: प्रकाशशास्त्र, यांत्रिकी, नियंत्रण प्रणाली, सॉफ्टवेअर. इंजिनिअरिंग केलेल्यांनी खगोलशास्त्राची पदवी नाही म्हणून हळहळत बसायचं कारण नाही.

पहिलं काम: संग्रह उघडा

ईएसओत जायची तयारी ईएसओत न जाता होते. व्हीएलटीनं घेतलेला डेटा साधारण वर्षभर ज्या गटानं मागितला त्याच्याकडे राखीव असतो, नंतर तो सगळ्यांना खुला होतो. ईएसओच्या विज्ञान संग्रहात खातं उघडायला पैसे लागत नाहीत. सांगलीच्या किंवा नांदेडच्या कॉलेजातली मुलगी आणि हायडेलबर्गचा पोस्टडॉक, दोघांसमोर तोच डेटा असतो.

सुरुवात अशी करा. एक वस्तू ठरवा, जिच्यावर पेपर आलेले आहेत अशी. संग्रहात तिचं नाव टाका आणि आधी प्रक्रिया झालेला डेटा घ्या, कच्चा नको. फिट्स फाइल (खगोलशास्त्रातला डेटा याच साच्यात साठवतात) पायथनमध्ये अ‍ॅस्ट्रोपाय या मोफत लायब्ररीनं उघडा आणि छापलेल्या पेपरातली एखादी आकृती स्वतः काढून बघा. जुळली तर पुढे जा. नाही जुळली तर का नाही ते शोधा, शिकणं तिथेच होतं. मग त्याच निरीक्षणाचा कच्चा डेटा आणि कॅलिब्रेशन फाइल्स घ्या, ईएसओची मोफत पाइपलाइन, म्हणजे कच्च्या डेटावर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर, बसवा आणि तोच निकाल खालून वर काढा. पाइपलाइन बसवण्यात पहिला आठवडा डोकं धरून बसावं लागेल. सगळ्यांचं तसंच होतं.

व्हीएलटीवरच्या म्यूझ या उपकरणाचा डेटा सुरुवातीला फार चांगला. एका खेपेला आकाशाच्या एक चौरस कला (आर्कमिनिट) तुकड्यातले सुमारे ९०,००० वर्णपट मिळतात, म्हणजे एका चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यामागे एक वर्णपट. एका फाइलवर सेमिस्टरभराचा प्रकल्प सहज होतो. फक्त फाइल काही जीबींची असते, कॉलेजच्या लॅबमधला जुना संगणक कुरकुरेल.

हात इथेच बसवा

चिलीच्या फेलोशिपला निरीक्षणाचा अनुभव विचारतात, आणि तो आपल्याकडे मिळतो. खोडदची जीएमआरटी तर नारायणगावच्या शेजारीच. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आणि जगभरातले शास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मागतात. ती रेडिओ दुर्बीण असल्यामुळे आल्माकडे जायचं असेल तर तिच्यावरचा अनुभव सरळ कामी येतो: अनेक अँटेनांचे संकेत जुळवून चित्र बनवायचं तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. तिथे पोचायचा विद्यार्थ्यांचा रस्ता म्हणजे ती चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम. पुण्यातल्याच आयुका या खगोलशास्त्र संस्थेचाही तसाच आहे. पीएचडीसाठी दोघांची मिळून आयनॅट ही परीक्षा असते. आणि अजून शाळा-कॉलेजात असाल तर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला प्रदर्शन भरतं. तिथे अँटेनेखाली उभं राहून बोलायला माणसं मोकळी असतात. भीड सोडून विचारा.

दृश्य प्रकाशासाठी आयुकाची गिरवलीची २ मीटरची दुर्बीण, लडाखात हानलेची २ मीटरची, नैनिताळजवळ देवस्थळची ३.६ मीटरची. शिवाय दक्षिण आफ्रिकेतल्या सॉल्ट दुर्बिणीत आयुका भागीदार आहे. मोठ्या परदेशी दुर्बिणीच्या आशेवर इथल्या रात्री नाकारू नका. दवानं आरसा ओला झाला, मार्गदर्शक तारा निसटला, ढग आले आणि यादी बदलावी लागली, अशा रात्रींतून जी समज येते तीच अर्जात दोन ओळींत दिसते आणि निवडणाऱ्यांना ती लगेच ओळखू येते.

अर्ज आणि पत्रं

फेलोशिपच्या अर्जाची मुदत नेहमी ऑक्टोबरच्या मध्यावर असते. त्या वर्षीची जाहिरात उघडून नेमकी तारीख तपासाच. बायोडेटा आणि प्रकाशनांची यादी, दोनेक पानांचा संशोधन आराखडा, तांत्रिक आणि निरीक्षणाच्या अनुभवाची टिपणी आणि तिघांची शिफारसपत्रं.

आराखड्यात बहुतेक मुलं विश्वाच्या उत्पत्तीपासून सुरुवात करतात. ते काढून टाका. 'मला दीर्घिकांच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायचा आहे' हे वाक्य शेकडो अर्जांत असतं. त्याऐवजी असं लिहा: 'म्यूझच्या खुल्या डेटात लाल विस्थापन (रेडशिफ्ट) ३ ते ६ मधल्या दीर्घिकांभोवतीच्या हायड्रोजनचा उजेड किती दूर पसरला आहे ते मी मोजणार. डेटा संग्रहात आहे, त्यातल्या दोन क्षेत्रांवर पद्धत तपासून झाली आहे, दुसऱ्या वर्षी नवीन वेळ मागणार.' यात काय, कशानं आणि कधी, तिन्ही आलं. आणि हे काम ईएसओतच का, तिथल्या कुणाच्या कामाशी जुळतं, तेही एका परिच्छेदात आलं पाहिजे.

शिफारसपत्रांचं आपल्याकडे एक जुनं दुखणं आहे. "तूच लिहून आण, मी सही करतो." सर प्रेमानं म्हणतात, पण त्यानं नुकसान तुमचंच होतं. तिन्ही पत्रांची भाषा एकच असली की वाचणाऱ्याला कळतं. शिवाय विद्यार्थी स्वतःबद्दल लिहिताना एक तर लाजतो नाहीतर भलतंच उधळतो. असं सांगितलं गेलं तर सरांना नम्रपणे एक पानाचं टिपण द्या: त्यांच्याबरोबर केलेलं काम, त्यातला आपला नेमका वाटा, एखादा अडलेला प्रसंग आणि तो कसा सोडवला. पत्र मात्र त्यांना लिहू द्या. तिसरं पत्र आपल्या संस्थेबाहेरच्या सहकाऱ्याचं असेल तर उत्तम. पत्रं वेळेत पोचली की नाही ते मुदतीच्या आठवडाभर आधी विचारायला संकोच करू नका.

दुर्बिणीचा वेळ मागणं

नोकरीपेक्षा वेगळी, पण नाव होण्याची हीच मोठी वाट. ईएसओच्या दुर्बिणींवर वेळेसाठी जगातला कुठलाही शास्त्रज्ञ प्रपोजल देऊ शकतो. अर्जदारांत सदस्य नसलेल्या देशांतले बहुसंख्य असतील तर निकष कडक होतात, म्हणून भारतातले गट बहुधा युरोपातल्या सहकाऱ्यांबरोबर अर्ज करतात. पहिल्या खेपेला सहअर्जदार व्हा, प्रमुख नको.

प्रपोजल तपासताना अर्जदारांची नावं तपासणाऱ्यांना दिसत नाहीत. म्हणून मजकुरात 'आमच्या आधीच्या पेपरात आम्ही दाखवलं' असं लिहायचं नाही, स्वतःचं कामही तिऱ्हाइतासारखं सांगायचं. लहान मागण्यांची प्रपोजलं तर अर्जदार एकमेकांचीच तपासतात, त्यामुळे वाचणारा तुमच्या विषयाचा असेलच असं नाही. आल्मासाठी वर्षातून एकदा वेगळी फेरी असते आणि तिथेही अर्ज सगळ्यांना खुला आहे. नवशिक्यांसाठी ही पद्धत बरी आहे: नावाचं वजन कमी होतं, मांडणीचं वाढतं.

निवड झाली तर

चिलीत डोंगरावर पाठवण्याआधी वैद्यकीय तपासणी होते. पारानाल सोसतं, पण चाखनांतोरच्या ५००० मीटरवर प्राणवायूची बाटली लागते. म्हणून आल्माचे खगोलशास्त्रज्ञ बहुतेक काम २९०० मीटरवरच्या केंद्रातून करतात. कामाची भाषा इंग्रजी. तरी बस, दुकान आणि डॉक्टर यांच्यासाठी स्पॅनिश हवीच, आणि ऑपरेटरांशी जेवणाच्या टेबलावर दोन वाक्यं त्यांच्या भाषेत बोललात तर पाळी सुखाची जाते. जायच्या आधी सहा महिने रोज थोडी थोडी शिका. गार्शिंगला जर्मन नाही आली तरी ऑफिसात काही अडत नाही, घर शोधताना मात्र अडतं. म्युनिकला घर मिळणं अवघड आणि महाग, निवडीचं पत्र हातात पडताच शोधायला लागा. कुटुंब बरोबर असेल तर स्थलांतराचा आणि भत्त्यांचा तपशील मनुष्यबळ विभागाला लेखी विचारून घ्या. अशा प्रश्नांनी कुणी नाराज होत नाही.

शाकाहारी असाल तर डोंगरावरच्या उपाहारगृहाला आधी कळवा. उपाशी राहत नाही कुणी, पण डब्यात थोडी मेतकूट-चटणी असलेली बरी.

फेलोशिपनंतर

ईएसओचा फेलो म्हणजे पुढची नोकरी पक्की, असं नाही. काही जण तिथेच स्टाफ होतात, बरेच युरोपातल्या विद्यापीठांत जातात, काही जण डेटा किंवा सॉफ्टवेअरच्या नोकरीत. भारतात परतणाऱ्यांसाठी टीआयएफआर, आयुका, बंगळुरूची आयआयए, नैनिताळची एरीज आणि आयसर-आयआयटीचे भौतिकशास्त्र विभाग आहेत. भारत आता एसकेए या रेडिओ वेधशाळेचा सदस्य आहे. तिच्या अँटेना दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत आहेत, आणि भारताच्या बाजूनं त्या कामात पुण्याचं एनसीआरए पुढे आहे. आल्मावर पाळ्या केलेल्यांनी तिकडे लक्ष ठेवावं. भारतातल्या जागांची प्रक्रिया लांबते, कधी वर्षभर. तेव्हा चिलीतल्या तिसऱ्या वर्षीच, ड्यूटीच्या मधल्या आठवड्यांत, इकडच्या संस्थांत एखादं व्याख्यान ठरवून भेटी घेऊन ठेवा.